कुंडलची ढोलाबाई

कुंडल गावच्या अंजनाकाकूंच्या पिक्चरला मी दीड स्टार दिला आणि चौथ्या दिवशी काकू माझ्या दारात हजर झाल्या.

गेली बावीस वर्षं मी सांगलीच्या एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहितो. लोक मला खडूस म्हणतात, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. ‘केसाळ कॉलनी’ हा मुलांसाठी काढलेला ॲनिमेशनचा विनोदी सिनेमा. डोंगरावर राक्षसांची वस्ती, सगळे प्रेमळ, सगळे माणसाच्या पोरांना घाबरणारे. मी तो सकाळच्या खेळाला, रिकाम्या थिएटरात, नाक चोंदलेलं असताना पाहिला आणि लिहिलं, ‘तीन डोळ्यांची जांभळी ढोलाबाई तोंड उघडते तेव्हा प्रेक्षकांनी कानांत बोळे घालावेत.’ पुण्याच्या एका समीक्षकानं त्याच आवाजाला ‘मातीतला हुंकार’ म्हणत चार स्टार दिले होते. मातीतला हुंकार! असलं काही वाचलं की माझा अर्धा स्टार आपोआप गळतो.

तर काकूंनी बेल वाजवलीच नाही. खालून रस्त्यावरूनच विचारलं, “हरी सर हायत का घरातऽऽ?” तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. मी चहाचा कप खाली ठेवला. ढोलाबाई आली होती.

वर आल्यावर त्या खुर्चीत अगदी अंग चोरून बसल्या. वय अठ्ठावन्न, हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या बारीक रेघा. नवरा जयराज चोवीस वर्षं फौजेत. तीन एकर ऊस काकूंनी एकटीनं सांभाळला. या बांधावरून त्या बांधावर माणसांना हाक मारायची, पलीकडच्या मोटारीवरच्या गड्याला पाणी बंद करायला सांगायचं. “माजं नरडं म्हंजी तवाचा मोबाईल व्हता, सर,” त्या म्हणाल्या. पुण्यात सिनेमाच्या आवाजाचं काम करणारा त्यांचा भाचा शंभूराज औंधच्या यात्रेसाठी गावाकडं आला, त्यानं आत्याला म्हशीवर खेकसताना ऐकलं आणि ढोलाबाईच्या आवाजासाठी उचलून स्टुडिओतच नेलं.

“मी कशापायी गेले ठावं हाय का?” काकू म्हणाल्या. “माजी नात ज्ञानदा. पाच वर्साची. साताऱ्यात आईजवळ ऱ्हाती. मी बोलाय लागले की कानावर हात ठेवून पळती. वरीस झालं, पोरगी माज्या मांडीवर बसली न्हाई. मी तिच्याम्होरं कुजबुजून बोलती, तर तिला वाटतं आजी आजारी हाय. म्हनलं, राक्षसीन व्हऊन तरी हसवावी.”

पुढचं त्यांनी खाली बघून सांगितलं. सूनबाई प्रियदर्शनीनं माझं परीक्षण वाचलं होतं आणि ठरवलं होतं, ज्यासाठी मोठ्यांना बोळे लागतात तिथं आपलं लेकरू न्यायचं नाही.

मला जाम लाज वाटली. हा पिक्चर मुलांचा, आणि माझ्या शेजारी त्या दिवशी एकही मूल नव्हतं.

“तुमचं स्टार ऱ्हाऊ द्यात तितंच,” काकू म्हणाल्या. “निस्ता सूनबाईला फोन लावा. आन रविवारी पिक्चरला तुमी बी या.”

मी फोन लावला. मुलं अजिबात घाबरत नाहीत, असं एका अनोळखी आईला छातीठोकपणे सांगितलं. फोन ठेवल्यावर मलाच घाम फुटला.

रविवारी थिएटरच्या दारात बघतो तर अख्खं कुंडल लोटलेलं. दोन टेम्पो भरून माणसं आणि त्यांनी बरोबर आणलेला फ्लेक्स. मध्यभागी जांभळी ढोलाबाई, तिच्याभोवती गॉगल घातलेले अकरा तरुण, आणि वर ‘आमच्या काकूंचे हार्दिक अभिनंदन’. ढोलाबाईला कुणीतरी कुंकूही लावलं होतं, पण तीन डोळ्यांमुळे जागा सापडायला त्रास झालेला दिसत होता.

या मंडळींनी ट्रेलर फोनवर पाठ केला होता आणि माझ्यापेक्षा कडक परीक्षणं तयार ठेवली होती. निवृत्त सुभेदार नाथाजी म्हणाले, “राक्षसांची लाईन सरळ न्हाई. ट्रेनिंग कमी पडलंय.” दूधवाल्या कृष्णातची तक्रार तर बिनतोड होती, “म्हशीला वरचं म्होरलं दात दाखवल्यात! कवा म्हस बघितली न्हाई का या लोकांनी?” बावीस वर्षांत माझ्या एका ओळीत एवढा अभ्यास नव्हता.

पहिला अर्धा भाग बरा गेला. ज्ञानदा आईच्या मांडीवर, काकूंपासून एक खुर्ची सोडून. ढोलाबाई बोलली की तिचे हात कानांवर जायचे. काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या, त्या हातांकडे बघत होत्या.

मध्यंतरात सत्कार निघाला. आमच्याकडे चार माणसं जमली आणि सत्कार झाला नाही असं होत नाही. ढोलाबाई पडद्यातून खाली येईना, काकू जागच्या हलेनात. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. “आवं, सर लांबनं आल्यात,” नाथाजी म्हणाले. थिएटर माझ्या घरापासून सात मिनिटांवर आहे. पण शाल आली, नारळ आला, डोक्यावर भगवा फेटा चढला, आणि दीड स्टारवाल्याचा टाळ्यांच्या कडकडाटात सत्कार झाला. उरलेला पिक्चर मी फेट्यातच पाहिला. मागून “सर, तुरा वाईच खाली घ्या” असं तीनदा ऐकू आलं.

शेवटाकडे टिंगू नावाचा छोटा राक्षस धुक्यात हरवतो. ढोलाबाई कड्यावर उभी राहते, छाती फुगवते, तोंड उघडते, आणि आवाजच गेला! पडद्यावर चित्र चालू, थिएटरचे स्पीकर मुके. शिट्ट्या सुरू झाल्या. टिंगू धुक्यात रडतोय, ढोलाबाईचं तोंड नुसतंच हलतंय.

ज्ञानदा आईच्या मांडीवरून उतरली. रिकाम्या खुर्चीला वळसा घालून तिनं काकूंचा गुडघा हलवला.

“आजी, त्याला ऐकू येत नाहीये. तू बोलव ना.”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. मग अगदी हळू, कुजबुजत म्हणाल्या, “ये रं...”

“असं नाही! मोठ्यानं!”

अंजनाकाकू उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, “ये रंऽऽऽ माज्या वाघाऽऽऽ!”

माझ्या फेट्याचा तुरा थरथरला. तिकीट खिडकीवरचा माणूस आत धावत आला. कुंडलकर उभे राहून ओरडायला लागले, पोरं खुर्च्यांवर चढून नाचायला लागली, आणि पडद्यावर टिंगूनं नेमकी तेव्हाच मान वळवली. मी बावीस वर्षं परीक्षणं लिहिणारा खडूस समीक्षक, मला हुंदका आला आणि मी तो शालीत लपवलाही नाही.

काकू धापा टाकत खाली बसल्या तेव्हा ज्ञानदा त्यांच्या मांडीवर चढली होती. कानांवरचे हात आता आजीच्या गळ्यावर होते, आवाज कुठून निघतो ते चाचपत.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

इतक्यात स्पीकर खरखरले आणि पिक्चरचा आवाज परत आला. ज्ञानदानं मान वळवून तिकीटवाल्याला ठणकावलं,

“काका, ते बंद करा. आजी बोलतीये.”