नखभर वाढणारी झाडं

रोसाल्बिनाला मूल झालं नाही. कोलंबियाच्या त्या उंच, गारठलेल्या डोंगरावर तिने फ्रायलेहोनची रोपं वाढवली. कोकराच्या कानासारख्या लोकरी पानांचं हे झाड. त्यातली ही जात त्यांच्याच टेकडीवर उगवायची, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि वर्षाकाठी वाढायची नखभर. लग्नानंतर लावलेली रोपं आता कुठे तिच्या गुडघ्याला लागली होती. "काय म्हणतात तुझी लेकरं?" असं म्हणून तिचा नवरा एलिओदोरो तिला चिडवायचा.

पाऊस नसलेल्या दिवसांत गाईंना कोवळं गवत फुटावं म्हणून त्याने पायथ्याचं वाळकं गवत पेटवलं. दरवर्षीच पेटवायचा. या खेपेला वारा फिरला. दोघांनी ओल्या पोत्यांनी झोडपून झोडपून हात सोलून घेतले, पण आग माथ्यावर गेलीच.

विझल्यावर ती राखेत बसून राहिली. टेकडीवरचं रोप न् रोप कोळसा झालं होतं.

एलिओदोरो चाचरत म्हणाला, "अगं, पुन्हा लावू की."

"बी कुठून आणायचं? आणि मिळालं तरी गुडघ्याएवढी होईस्तोवर आपण असणार आहोत का?"

"मग मला शिव्या तरी घाल."

"शिव्या घालून काय उगवणार आहे, अहो? चला, गाई हंबरतायत. धारा राहिल्यात."

गोठ्यात गाईच्या कुशीला कपाळ टेकून ती हमसाहमशी रडली. तो रिकामी बादली घेऊन दाराबाहेर उभा राहिला. आत जायचा त्याला धीर झाला नाही.