मिक्सिंगवाला वसंता

पडद्यावर माझ्या मेलेल्या लेकीचा हात होता आणि वर तोंड दुसऱ्याच बाईचं होतं.

बारामतीच्या कार्यालयात माझ्या नातीचं, ऋतुजाचं लग्न होतं. अक्षता पडायला वेळ होता म्हणून मोठ्या पडद्यावर नवरीच्या लहानपणीचे फोटो लावले होते. मी मागच्या रांगेत, वऱ्हाडाच्या गाड्यांच्या ड्रायव्हर लोकांशेजारी बसले होते. पडद्यावर एक वर्षाची ऋतुजा आली. लाल फ्रॉक, पोटावर आईचा हात, मनगटावर अर्ध्या चंद्रासारखा चटका. तो चटका माझ्या संगीताला नवव्या वर्षी गुऱ्हाळात बसला होता, काहिलीतला गूळ उडून. तिला तिथं उभं मीच केलं होतं. तो हात ओळखायला मला चष्मा लागत नाही. वर मात्र जावयाची दुसरी बायको हसत होती.

संगीता गेली तेव्हा ऋतुजा दीड वर्षाची होती. लग्नात सासरच्यांनी संगीताचं नाव बदलून जयश्री ठेवलं होतं. ती गेल्यावर सहा महिन्यांत जावयाने दुसरी केली आणि तिचंही नाव जयश्रीच ठेवलं. पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव खोडायची गरजच पडली नाही. मग घर गावातून बारामतीला हलवलं. शेजार नवा, माणसं नवी. माझ्या घरातले संगीताचे फोटो "मोठे करून आणतो" म्हणून नेले, ते परत दिले नाहीत. मला म्हणाला, "यायचं तर गावाकडची मावशी म्हणून या. तोंड उघडलं तर पोरगी परत दिसायची न्हाय." वीस वर्षांच्या वर मी तोंड मिटून ठेवलं. लेकीच्या हातावर परकं तोंड चिकटवलेलं दिसलं, तेव्हा माझं उघडायचं ठरवलं.

व्हिडिओच्या शेवटी सोनेरी अक्षरं गरगर फिरत आली. त्यात स्टुडिओचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या गावाहून, भवानीनगरहून, एसटीने बारामतीला गेले आणि जिना चढून त्या माणसाला शिव्या घालायला सुरुवात केली.

तो वसंता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एक डोळा कायम बारीक केलेला. त्याने माझ्या शिव्या शांतपणे ऐकल्या आणि हवेत नखाने माझ्या तोंडाची कड काढली. समोरच्या प्रत्येक माणसाची कड तो अशी काढायचा, कापून बाजूला करायचा असल्यासारखी.

"मावशी, केस लई भुरभुरीत तुमचे. कापायला तरास देतील. आता बसा, आन् बसून शिव्या द्या. जिना चढून दम लागलाय तुमाला."

"माझ्या लेकीचं मुंडकं कापलंस तू."

"कापलं न्हाय, झाकलंय. मी पुसत न्हाय कुणालाच. निस्तं झाकतो."

त्याने मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, तोच फोटो काढला. बाजूला पट्ट्यांची उतरंड होती, फोटोच्या एकेका थराची एकेक पट्टी, प्रत्येक पट्टीपुढे डोळ्याचं चिन्ह. त्याने वरच्या पट्टीचा डोळा बंद केला. दुसरी बायको गेली. खाली संगीता होती. अख्खी. कपाळ, नाक, पुढचा तिरका दात.

मी रडले नाही. विचारलं, "हात का ठेवलास?"

"हात काढला तर पोर हवेत बसतंय, मावशी."

तो चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. आधी लग्नांच्या कॅसेटचं मिक्सिंग करायचा, मग मशीन शिकला. कुणाचा भाऊ वाटणीवरून तुटला, कुणाची सून माहेरी गेली, की त्याने त्यांना व्हिडिओतून काढायचं. "लगीन मोडलं की लोक आधी माझ्याकडं येत्यात, मग वकिलाकडं," असं तो हसून सांगायचा. तंबाखू मळता मळता माणसं गायब करायचा. संगीताला गायब करतानाही मळलीच असणार.

मी फोटो मागितला. तो नाही म्हणाला. "गिऱ्हाइकाचा माल भाईर जात न्हाय. धंदा हाय." मी उठले नाही. पाऊण तास बसून राहिले. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "शिकायला येणाऱ्याला सरावाला फोटो देतो मी. कोणता द्यायचा ते माझ्या मनावर हाय."

अशी मी अडुसष्टाव्या वर्षी मिक्सिंग शिकायला लागले. चौथीपर्यंतची शाळा, तीही त्यातले अर्धे दिवस. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची एसटी. वर्गात दोन कॉलेजच्या पोरी होत्या. त्या पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या दिवशी मला माउस धरायला शिकवू लागल्या.

वसंता लगेच माणसांवर येऊ देत नसे. पहिले पंधरा दिवस तांब्याच्या फोटोची कड धरायला लावली. माझी रेघ थरथरायची. "घाई करू नगा. कड म्हंजी बांध. एक वीत जरी सरकला तरी शेजारी बोंब मारतंय." हे मला कळलं. मग फोटो हलवायला शिकवलं. "हितं खुंटी मारा, तितं खुंटी मारा. मधलं मशीन बघतंय." त्या खुंटीला पोरी कीफ्रेम म्हणायच्या. मी खुंटीच म्हणायची.

दिवाळीच्या सुमारास त्याने संगीताचा फोटो माझ्या मशीनवर टाकला. वर दुसरीची पट्टी होतीच.

मी त्याला सांगितलं, जावयाच्या पुढच्या व्हिडिओत त्याला गाढवाचं तोंड लावायचं आहे.

"न्हाय. गाढव बगून लोक हसत्याल आन् जेवायला जात्याल. काय बी लावू नगा, मावशी. झाकलंय त्येवढंच काढा. आन् पाच सेकंदात आटपा. सहाव्या सेकंदाला माणूस मोबाईल काढतंय."

मी पाच सेकंदांचा तुकडा केला. त्याला दीड महिना लागला. दुसरीचं तोंड हळूहळू वर सरकतं, काहिलीवरची मळी काढावी तसं, आणि खालून संगीता येते. हात जागचा हलत नाही. शेवटी मी अक्षरं घातली, "ऋतुजाची आई, संगीता." ती गरगर फिरवली नाहीत.

माघात जावयाचा पन्नासावा वाढदिवस होता. दारात मांडव, मोठा पडदा, शुभेच्छुकांची नावं. व्हिडिओचं काम अर्थातच वसंताकडे. मी माझा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने नुसता तंबाखू मळला. मला वाटलं, हा धंदाच बघणार.

वाढदिवसाला मी मावशी म्हणून गेले. ऋतुजाला पाचवा महिना होता, ती पुढे खुर्चीत होती. जावई फेटा बांधून उभा. त्याचे फोटो ढोलताशावर उडत येत होते. एकाएकी आवाज बंद झाला आणि लाल फ्रॉक आला. तोंड सरकलं. संगीता आली.

पाच सेकंद झाले. दहा झाले. संगीता पडद्यावरून गेलीच नाही. जावई ओरडला, "बंद कर रं!" पण मशीनजवळ वसंता स्वतः बसला होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. ऋतुजा उठली, पडद्याजवळ गेली. त्या तिरक्या दाताकडे बघत तिने जीभ स्वतःच्या दातावरून फिरवली. तिचाही तिथलाच दात तिरका आहे.

"पप्पा, ही कोण?"

जावयाने मांडवातल्या दोनशे माणसांकडे बघितलं. फेटा सुटून खांद्यावर आला होता. मग मी बोलले... नाही, मी ओरडले. वीस वर्षांचं साठलेलं सगळं, नावासकट, दाखल्यासकट. दुसरी खाली मान घालून आत गेली. तिच्यावर माझा राग कमी होता. जावयाचं तोंड मात्र मी पोटभर पाहिलं. इतकं समाधान मला जेवणाने कधी झालेलं नाही.

नंतर मी वसंताला विचारलं, "पाच म्हणाला होतास."

"मशीन अडकलं, मावशी." एक डोळा बारीक.

आठवड्यात त्याची मशीनं फुटली. कुणी फोडली हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाईक गेलं. झाकलेलं उघडणारा मिक्सिंगवाला कुणालाच नको असतो. तो इंदापूरला गेला आणि कचेरीजवळ अर्जाचे फोटो काढायला बसला. मी ऋतुजाला आणि तिच्या तान्ह्या पोरीला घेऊन भेटायला गेले. त्याने पोरीच्या तोंडाची हवेत कड काढली आणि म्हणाला, "हिचं जावळ सोपं हाय." माझ्यामुळे झालं, असं मी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "पट्टीचा डोळा मी बंद केला. तुमी फक्त कड धरली." त्याचं मला वाईट वाटतं. सुडाचं वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात वसंता छातीत कळ येऊन गेला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. कचेरीतल्या एका अर्जावरचा मिळाला. त्याची कड मी धरली, त्याच्याही भुरभुरीत केसांसकट, आणि तो मोठा करून त्याच्या बायकोला दिला.

दरवर्षी जावयाच्या वाढदिवसाला मी ते पाच सेकंद मोबाईलच्या स्टेटसला ठेवते. कुणी कुणी पाहिलं याची यादी खाली येते. त्यात जावयाचं नाव असतं.

संगीता नाही. वसंता नाही. जावई आहे. मी आहे.