तांदळाएवढी बाई

४ नोव्हेंबर. फराळाचे डबे घासायला काढले होते. पण दिवाळीच्या सुट्टीला आलेली भावाची दोन्ही पोरं ऐकेनात, म्हणून त्यांना शेजारच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेचं प्रदर्शन दाखवायला नेलं. दहा मिनिटांत परतायचं, असं ठरवूनच गेले होते.

हॉलभर टेबलं, त्यांवर डोंगर, बोगदे, इवलीशी स्टेशनं. हे सगळं मांडणारे निवृत्त स्टेशनमास्तर गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. एवढ्यात दोघांतली धाकटी, चार वर्षांची मिरू किंचाळली, "आजोबा, थांबवा! बाई पडली!" फलाटावरची तांदळाएवढी बाई रुळावर आडवी झाली होती आणि बोगद्यातून गाडी निघाली होती.

मागून कोणीतरी हसलं, "अगं, प्लॅस्टिकची आहे ती!"

आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी बटण दाबलं आणि गाडी वीतभर अलीकडे थांबली. मग त्यांनी पलीकडची मालगाडी थांबवली, घाटातली गाडीही थांबवली. चिमट्याने बाईला उचलून फलाटावर उभं केलं, वाकून रूळ तपासला आणि मगच शिट्टी फुंकली.

तोवर भरल्या हॉलमध्ये कोणी हललं नाही. मी आयुष्यभर कामं उरकत आले. एवढ्याशा बाईसाठी सगळं जग थांबवता येतं, हे पहिल्यांदाच पाहिलं.

५ नोव्हेंबर. सकाळी केर काढायला गेले, तर बाहेरच्या खोलीत काड्यापेट्यांची गाडी मांडलेली.

"आत्या, थांब, गाडी येतेय," मिरू म्हणाली.

मी केरसुणी हातात धरून थांबले.