पेरूच्या जागी जाम

वरघट बाई मुलांना पुस्तक वाचून दाखवत, तेव्हा पुस्तकात जसे छापलेले असे तसे त्या वाचत नसत. हे वाक्य आमच्या शिक्षण संस्थेच्या चौकशी अहवालात आहे आणि त्या अहवालातले तेवढे एकच वाक्य खरे आहे. उरलेल्या मजकुरावरचे माझे आक्षेप मी संस्थेला लेखी कळवले होते. पोच मिळाली; उत्तर आजतागायत मिळालेले नाही. तेव्हा जे घडले ते येथे सांगतो.

माया वरघट दर्यापूरच्या आमच्या शाळेत ग्रंथपाल होत्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. त्यांचे पद अर्धवेळ आणि काम पूर्णवेळ होते. परीक्षेच्या दिवसांत त्यांना पर्यवेक्षणाला लावत, निवडणुकीच्या दिवसांत याद्यांना, आणि कोणी पाहुणे येणार असले की रांगोळीला. ग्रंथालयाची खोली सायकलच्या शेडमागे होती. तेथे ऊन उशिरा पोचे आणि पाऊस लवकर. या सगळ्याविषयी बाईंनी कधी तक्रार केली नाही. ती करण्याचे काम मी पत्करले होते आणि त्याबद्दल मला स्टाफरूममध्ये एक टोपणनावही होते.

बाईंचे बालपण अकोल्याजवळच्या एका खेड्यात गेले. गावच्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट होते. शहरात नोकरीला लागलेली माणसे गावी आली की आपल्या मुलांची वाचून झालेली पुस्तके त्यात ठेवून जात. चौथीतली माया ती घरी नेई. आई, पंचफुलाबाई, मजुरी करून आलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्टीची भूक होती. चुलीपाशी बसून ती म्हणे, वाच मले. माया वाचू लागली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला आई अडवी. "असं कोण बोलते वं?" मग मायाने एक युक्ती शोधून काढली. डोळे छापील ओळीवर ठेवायचे आणि तोंडाने आईच्या बोलीत वाचायचे. पुस्तकातली राणी ‘मला का रागावलात’ असे विचारी, ती मायाच्या तोंडून ‘मले काहून रागावले’ असे विचारू लागली. आई पुढे अडवीनाशी झाली. एक अख्खे कपाट असे वाचून संपले.

पुढे बाईंनी अमरावतीला ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. जाडजूड कादंबऱ्या वाचल्या, चरित्रे वाचली. पण जीव जडला तो मुलांच्या पुस्तकांवरच. पन्नाशी उलटलेली ही बाई एस.टी.च्या थांब्यावर माकडाच्या पिल्लाची गोष्ट वाचत उभी असे आणि मधेच एकटी हसे. लोक वळून पाहत. मुलगा पुण्याहून फोनवर चिडवी की, आई, तू अजून तिसरीतच आहेस. त्या म्हणत, तिसरी लई मोठी असते रे, सरता सरत नाही. नवे पुस्तक आले की त्या ते आधी घरी नेत आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचत. ते तोंडात बसते का, हे पाहिल्याशिवाय पोरांसमोर न्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता.

पाचवी ते सातवीला आठवड्यातून एकदा ग्रंथालयाचा तास असे. कागदोपत्री तो मूक वाचनाचा होता. बाई दार लोटून घेत आणि मोठ्याने वाचत. आमची मुले आसपासच्या खेड्यांतून जीपने, बसने येतात. वर्गात उत्तर येत असूनही ती बोलत नाहीत, कारण उत्तर प्रमाण भाषेत द्यावे लागते. बाईंच्या तासाला तीच मुले गोष्टीतल्या वाघाला सल्ले देत. शेजारच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असे आणि भिंतीपलीकडून हसण्याचा लोट येई. माझ्या वर्गाचे कान तिकडे लागत. मला राग येत नसे, असे म्हणणार नाही.

त्या माकडाच्या गोष्टीत पिल्लू आजारी आजीसाठी पेरू आणायला निघते. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. बाजारात, शेतात, घरात, सर्वत्र जाम. पेरू हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकात भेटतो. बाईंनी अर्थातच जाम असे वाचले. पाचवीतली रागिणी नावाची मुलगी ते पुस्तक घरी घेऊन गेली आणि धाकट्या भावाला, शिवमला, वाचून दाखवू लागली. तिला त्यात जाम कोठेच सापडेना. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन ग्रंथालयात आली. मी तेथे वर्तमानपत्र चाळत बसलो होतो.

"बाई, याच्यात चुकलं होतं. म्या दुरुस्त केलं."

पानोपानी पेरूवर एक आडवी रेघ आणि वर सुवाच्य अक्षरात जाम. ‘का’ खोडून ‘काहून’. ‘मुलगा’ खोडून ‘पोट्टं’. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारावी, गिचमिड करू नये, वर बरोबर शब्द लिहावा, ही शुद्धलेखनाची पद्धत मी शिकवतो. मुलीने ती तंतोतंत पाळली होती. बाई बरोबर वाचतात, छापणाऱ्याची चूक झाली असणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

बाईंनी ते पान बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, पेनाने नको लिहू, पोरी, कागद फाटतो. पेन्सिलीने लिहीत जा. आणि खणातून स्वतःची पेन्सिल काढून तिला दिली. ती गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होते आणि चेहरा हसरा होता.

"सर, चूक काढायची म्हणजे सगळं पुस्तक वाचावं लागते. पोट्टीनं सगळं वाचलं."

ती बातमी वर्गात पसरली आणि दुरुस्तीची साथच आली. पुस्तके न मागणारी मुले पुस्तके मागू लागली. कोणत्या पुस्तकात किती चुका सापडल्या यावर पैजा लागू लागल्या. त्या सत्रात आमच्या शाळेतल्या मुलांनी जेवढे वाचले तेवढे त्याआधी किंवा त्यानंतर वाचलेले मी पाहिले नाही. बाईंनी पेन्सिली आणून ठेवल्या. ग्रंथपालाने पुस्तकात लिहायला पेन्सिली पुरवल्या, हा पुढे त्यांच्यावरचा मुख्य आरोप झाला.

श्रावणात संस्थेची तपासणी समिती अमरावतीहून आली. संस्थेचे सचिव महादेवराव आणि दोन सदस्य. त्यांना आधी नाश्ता दाखवण्यात आला, मग शाळा. ग्रंथालयात पाचवीचा तास चालू होता. महादेवरावांनी एक पुस्तक उचलले, उघडले आणि विचारले, हे कोणी केले? रागिणी अभिमानाने उभी राहिली. ते चुकलेले होते, बाईंनी बरोबर वाचले होते, म्हणून आम्ही दुरुस्त केले, असे तिने नीट सांगितले. महादेवराव हसले. तेथवर सगळे ठीक होते. मग एका सदस्याला विनोद सुचला.

"जाम म्हणजे? पावाला लावतात तो का?"

"नाही सर. झाडाले लागते तो," रागिणी म्हणाली.

अख्खा वर्ग हसला. मोठ्या माणसाच्या विनोदावर हसण्याऐवजी मोठ्या माणसाला हसला. विनोद करणाऱ्या सदस्यांचे कान लाल झाले. त्यांनी पुस्तक महादेवरावांच्या हातून घेतले, पुढची पाने उलटली आणि ‘पोट्टं’ हा शब्द बोटाने दाबून धरला.

पंधरवड्यात कारणे दाखवा नोटीस आली. शालेय मालमत्तेचे विद्रूपीकरण आणि अशुद्ध भाषेचा प्रसार. नोटीस वाचताना बाई दुसऱ्या आरोपापाशी थांबल्या. अशुद्ध हा शब्द त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला होता. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर तो आपल्या दारातून कायमचा गेला, असे त्यांचे वडील सांगत. बाईंनी कागदाची घडी घातली आणि मला विचारले, सर, सुनावणीला तुम्ही याल का?

आम्ही बसने अमरावतीला गेलो. वाटभर दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडत होते. मी खुलासा लिहून नेला होता, चार मुद्द्यांचा, संदर्भांसह. तो समितीने वाचला नाही. सगळे ठरवूनच बसले होते: खराब झालेली पुस्तके रद्दीत काढायची, ग्रंथालयाचा तास बंद करून तो शिष्यवृत्तीच्या सरावाला द्यायचा आणि बाईंच्या सेवापुस्तकात शेरा मारायचा. निवृत्तीला त्यांचे शेवटचे वर्ष राहिले होते.

कार्यालयात नेहमी प्रमाण मराठीत बोलणाऱ्या बाई त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, शेरा मारा. मले काही म्हणायचं नाही. पण पुस्तकं राहू द्या अन् तास राहू द्या. पोरं वाचून राहिले हो."

महादेवराव वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर हे लिहिणे सोपे गेले असते. त्यांनी थोडा विचार केला आणि उदारपणे तोडगा काढला. बाईंनी सगळ्या खुणा पुसाव्यात. यापुढे छापील तेच वाचावे. आणि आपण वाचले ते चूक होते, पुस्तक बरोबर आहे, हे मुख्याध्यापकांसमक्ष मुलांना सांगावे. मग पुस्तके राहतील, तास राहील, शेराही नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न मिटल्यावर महादेवरावांना चहाची आठवण झाली. त्यांनी दाराकडे पाहून शिपायाला हाक दिली.

"अबे, चहा काहून नाही आणला अजून?"

मी बाईंकडे पाहिले. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटले, हे मान्य करू नका, आपण वर दाद मागू, मी मसुदा तयार करतो. त्या म्हणाल्या, सर, तुमचा मसुदा होईपर्यंत पुस्तकांचा लगदा होईल. माझ्या मसुद्यांचा इतिहास त्यांना ठाऊक होता.

पुसण्याचे काम त्यांनी मुलांना लावले नाही. शाळा सुटल्यावर त्या एकट्या बसत. पेन्सिलीचे शब्द खोडरबराने जात. त्याचा राखी चुरा टेबलावर साचे आणि त्या तो हाताने गोळा करून कागदात ठेवत, जणू फेकायचा नाही. पेनाने लिहिलेले जात नव्हते. तेथे त्या पांढरी शाई लावत, वाळू देत आणि मग अगदी छापल्यासारख्या अक्षरात स्वतः लिहीत, पेरू.

नंतरच्या सोमवारी मुख्याध्यापक दारात खुर्ची टाकून बसले. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि पाचवीला म्हणाल्या की, मी तुम्हाला आजवर जे वाचून दाखवले ते चुकीचे होते. पुस्तकात छापलेले आहे तेच बरोबर. आवाज स्थिर होता. पाठ केलेल्या वाक्याचा असतो तसा. मुलांना आधी ही गंमत वाटली. मग कोणी हसेना.

रागिणीने हात वर केला. "मंग आमी घरी बोलतो ते?"

मुख्याध्यापकांनी खुर्ची सरकवली. बाईंनी पुस्तक उघडले आणि छापील ओळ वाचायला सुरुवात केली. त्या प्रश्नाला त्या तासात उत्तर मिळाले नाही, आणि नंतरही कोणी ते दिले नाही. मी मराठीचा शिक्षक आहे. तो प्रश्न खरे तर मला विचारलेला होता.

तास चालू राहिला. कराराप्रमाणे पुस्तकेही राहिली, स्वच्छ आणि क्रमाने. मुले ताठ बसत. भिंतीपलीकडून माझ्या वर्गाला आता व्यत्यय येत नसे. मुख्याध्यापक महिनाभर दारात बसले, मग त्यांना कंटाळा आला आणि खुर्ची रिकामीच तेथे राहिली. बाई त्या रिकाम्या खुर्चीसमोरही छापील तेच वाचत.

हुरड्याचे दिवस असतील. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात होतो. रागिणी एक पुस्तक परत करायला आली. आदल्याच दिवशी नेलेले. बाईंनी विचारले, झाले वाचून? तिने मान हलवली, नाही. मग का परत आणलेस? मुलगी चपलेच्या टोकाने फरशी घासत राहिली.

"मले बरोबर वाचता येत नाही, बाई."

बाई उठल्या. त्यांनी आधी दार लोटले, खुर्ची बाहेरच्या बाजूला राहिली. मुलीला जवळ घेऊन बाकावर बसवले आणि पुस्तक दोघींच्या मांडीवर उघडे ठेवले. मला त्या काय करणार ते कळले आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवले. त्यांनी हलक्या आवाजात पहिले वाक्य वाचले. ते छापील होते. त्या थांबल्या. पुन्हा सुरुवातीपासून, बोट ओळीखाली धरून, वाचू लागल्या; पुन्हा तेच शब्द आले, जसेच्या तसे. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ नुसतेच हलले. चाळीस-पन्नास वर्षे डोळ्यांनी एक आणि तोंडाने दुसरे वाचणारी ती बाई ओळीवर बोट ठेवून बसली होती आणि आईची भाषा तिच्या तोंडात येत नव्हती.

रागिणीने थोडा वेळ वाट पाहिली. मग घंटा झाली. जाऊ का, असे तिने विचारले आणि बाईंनी मान डोलावल्यावर ती गेली. बाईंनी पुस्तक मिटले, पदराने त्याचे मुखपृष्ठ पुसले आणि कपाटात त्याच्या जागी ठेवले. ते अजून तेथेच आहे. अगदी नव्यासारखे.