साडूच्या सुरावटीचा शेवट

त्यांना सगळे कानवाले म्हणत, कारण श्रवणयंत्रं विकणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानाशी ‘आता येतंय का ऐकू?’ म्हणून ओरडायचं आणि घरी आल्यावर मागच्या खोलीत शिरून कुणाच्याच कानी न पडणारं संगीत करायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता. कानी पडणार कसं? ते कधी पूर्णच होत नसे. खोलीत तीन सिंथेसायझर होते, आवाज घुमवणाऱ्या, चिरडणाऱ्या, पाण्यात बुडवणाऱ्या इफेक्टच्या नऊ डब्या होत्या, भिंतीभर अंड्यांचे रिकामे ट्रे होते आणि जमिनीवर वायरींचं असं जंजाळ होतं, की त्यात हरवलेली झाडणी झाडणीनंच बाहेर काढावी लागली असती.

त्यांची पत्नी साठीच्या बायकांचा व्यायामवर्ग घेई. वर्गाचा वार्षिक कार्यक्रम ठरला आणि ती म्हणाली, “अहो, पाच मिनिटांचं काहीतरी संथ करून द्या. चाळीसजणी त्यावर हात हलवणार आहेत.”

कानवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं! ते कामाला लागले. पहिले तीन आठवडे ढोलाचा ठोका निवडण्यात गेले. एकोणीस ठोके तयार झाले. सतरावा बरा होता, पण त्याला पोट नव्हतं.

अशात साडूनं घात केला. पत्नीच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा बाथरूमच्या टाइल्स विकायचा. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. लेकीसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या कीबोर्डवर त्यानं एका दुपारी एक सुरावट वाजवली, फोनवर मेव्हणीला ऐकवली आणि झोपून गेला.

“त्यांचीच घेते,” पत्नी म्हणाली.

“अगं, त्या सुरावटीत आहे काय? पाच सूर! त्यातले दोन तेच!”

“पण झालीये ना. तुमची व्हायचीये.”

कानवाल्यांनी चार दिवस मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, दुकानात यंत्राची बॅटरी बदलताना ते स्वतःच ते पाच सूर गुणगुणत होते.

रविवारी साडूकडे जेवण होतं. कीबोर्डला एक डबी जोडलेली पाहून त्यांच्या काळजात कळ आली. आवाजाचे पडसाद उमटवणारी ती डबी त्यांनीच, खरखर करते म्हणून, उदार मनानं साडूला देऊन टाकली होती.

“या साडूभाऊ!” साडू म्हणाला. “आता फायनल रेकॉर्ड करून टाकतो. तुम्ही जाणकार, तुम्हीच बसा शेजारी. आलोच हात धुऊन.”

साडू मोरीकडे वळला. कानवाल्यांनी दाराकडे नजर ठेवली आणि पडसाद किती वेळ टिकावेत हे ठरवणारं बटण खसकन पिरगाळलं. आता सुरावर सूर चढतील, नुसता चिखल होईल, चाळीस बायका त्यात रुततील! साडू आला, हेडफोन न लावताच, डबीतून काय निघतंय ते न ऐकता, त्यानं वाजवून रेकॉर्ड केलं आणि “चला, पानं वाढलीत” म्हणत, बटणं फिरतायत याची पर्वा न करता डबी खोक्यात कोंबली.

कार्यक्रमाच्या दिवशी कानवाले मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. सुरावट सुरू झाली. पण चिखल कुठला? साडू वाजवायचाच इतका सावकाश, की मागचे पडसाद पुढच्या सुराखाली धुक्यासारखे पसरत गेले. सूर संपले तरी ते थांबेनात. हात खाली आणायला निघालेल्या चाळीसजणी तशाच, विरत जाणाऱ्या आवाजाबरोबर, इंचाइंचानं हात उतरवत राहिल्या. मग सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

“काय शेवट केलात हो!” लोक साडूला म्हणत होते.

“सुचलं आपलं,” साडू लाजून म्हणत होता.

कानवाल्यांच्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षांतलं त्यांचं सर्वोत्तम काम साडूच्या नावावर टाळ्या खात होतं, आणि तक्रार करायचीही सोय नव्हती.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “शेवट तुमचा होता.”

“काहीतरीच काय!”

“अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. आवाज असा बुडवायची खोड तुमचीच. बिघडवायला गेला होतात ना? तेवढ्यानं तरी तुमचं एक काम पुरं झालं.”

कानवाले काही बोलणार, तोच साडूचा फोन आला. “साडूभाऊ, डबी तीच, सूर तेच, पण तो शेवट काही परत येईना हो! काय करू?”

“तुम्हालाच सुचला होता ना?” कानवाले गोड आवाजात म्हणाले. “मग परत सुचेल.”

फोन ठेवून ते लगबगीनं मागच्या खोलीत गेले. तशीच दुसरी डबी काढली, ते पाच सूर वाजवले आणि बटण पिरगाळलं. जमेना. थोडं मागे घेतलं. तरी जमेना. बटण नेमकं कुठवर फिरवलं होतं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी डोळे दारावर होते.

“तसा नव्हता!” भिंतीपलीकडून पत्नीचा आवाज आला.