पाह्यलं का ऐकलं?

समोरचा माणूस बोलायला लागला की चाचा कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "पाह्यलं का ऐकलं?" उत्तर आल्याशिवाय ते हात परत वर येत नसत.

कचेरीबाहेरच्या लिंबाखाली त्यांचं टेबल होतं. शहागंजातून सायकलवर यायचे, लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. मी एका वकिलांकडे कारकून, त्यामुळे त्यांच्याकडे दिवसातून चार खेपा ठरलेल्या. असे टायपिस्ट तुम्हीही पाहिले असतील. नाव-गाव बदलून तोच मजकूर पाच मिनिटांत हातात देतात. चाचांना अर्धा तास लागायचा. त्यांच्या कागदाचे दोन भाग असत. स्वतः पाहिलेलं वर, ऐकलेलं खाली, आणि कोणाकडून ऐकलं त्याचं नाव.

एकदा कन्नड तालुक्यातला एक शेतकरी आला. चुलतभावानं बांध कोरला म्हणत होता, पण त्या आठवड्यात हा स्वतः वाळूजच्या कंपनीत ड्यूटीवर. चाचांनी 'बायकोकडून ऐकले' असं लिहायला घेतलं तसा तो भडकला. शेजारच्या टेबलावर जाऊन 'समक्ष पाहिले' असं टाइप करून घेतलं. पुढे उलटतपासणीत कंपनीतली हजेरी निघाली आणि गडी तोंडावर आपटला. तो परत आला तेव्हा चाचांनी त्याला चहा पाजला. खोटारड्याला चहा कशाला, असं मी नंतर विचारलं.

"खोटा नाय तो, मियाँ. माणूस ऐकलेलं इतक्यांदा सांगतो, की त्याला वाटतं आपण पाह्यलंच. आपण लई थोडं पाह्यलंय, एवढं कळलं तरी बस झालं."

आमचे वकील त्यांना वैतागून 'फिलॉसॉफर' म्हणायचे. त्याच्याकडे जाऊ नकोस, चांगली केस लंगडी करतो, असं मला बजावायचे. मी तरी जायचो.

मग कचेरीची नवी इमारत झाली. टायपिस्टांना आत पंख्याखाली जागा मिळणार होती. अर्जाला जन्मतारखेचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती त्यांनी एक जून ठोकून दिली. आपल्याकडे शाळेच्या कृपेनं अर्धा गाव एक जूनला जन्मतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. चाचांनी लिहिलं, 'हुरड्याच्या दिवसांत जन्म. आईकडून ऐकले.' अर्ज परत आला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा परत आला.

त्यांना दमा होता. बाहेरच्या धुळीत त्यांना लागणारी धाप मला बघवेना. शेवटी मीच एक जूनचा कागद तयार करून पुढे ठेवला. म्हटलं, चाचा, फक्त सही करा, यानं कोणाचं वाकडं होत नाही. त्यांनी तो सावकाश वाचला.

"तुम्ही होते का तिथं?"

"नाही."

"मी होतो, पण माझं ध्यान नव्हतं." हसत त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "जिंदगीभर लोकायला विचारलं. आता माझ्यावर आलं तर सोडू व्हय?"

मला राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. बाकीचे आत गेले आणि लिंबाखाली ते एकटे राहिले. गिऱ्हाईक आटलं, तरी साडेदहाला टेबल पुसून बसलेले असायचे.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. वारसाच्या कामासाठी त्यांच्या मुलीला ओळखीच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, म्हणून तिच्याबरोबर मी नव्या इमारतीत गेलो. आतल्या टायपिस्टानं काही न विचारता तयार नमुना काढला: 'सदर इसम माझ्या समक्ष मयत झाले.' सहीला पेन टेकवलं आणि हात थांबला. त्या दिवशी मी दवाखान्यात नव्हतो.

मी ते वाक्य काढायला लावलं. खाली लिहून घेतलं, 'मयत झाल्याचे त्यांच्या मुलीकडून फोनवर ऐकले.' वरचा भाग मोकळा दिसत होता. तिथं लिहून घेतलं, 'सदर इसमास बारा वर्षे लोकांना खरे काय ते विचारताना मी समक्ष पाहिले आहे.' असा कागद चालत नाही, परत येईल, असं टायपिस्ट म्हणाला. मी सही केली.

कागद परत आला. बदलून देऊ का, असं मी मुलीला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "अब्बांचा कागद आहे. खराच जाऊ द्या."

सोमवारी तोच घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.