कार्डावर नसलेले अकरा फोटो

तुमच्या घरातला दागिना सापडेनासा झाला, तर तुमच्या तोंडून पहिले नाव कोणाचे निघेल? खरे सांगा. ठाण्याच्या टेबलामागे बसून मी हा प्रश्न शेकडो लोकांना विचारला आहे, आणि बहुतेकांनी श्वास घेण्याआधी भांडी घासणाऱ्या बाईचे नाव घेतले आहे.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी बेंगळुरूत पोलीस उपनिरीक्षक होतो. ठाण्याचे नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. त्यांतले काही जण अजून त्याच रस्त्यांवर राहतात. माझे गाव बेळगावकडचे, घरची भाषा मराठी. त्यामुळे मल्लेश्वरमच्या एखाद्या मराठी घरातून तक्रार आली की आमचे इन्स्पेक्टर कागद माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "तुमचे लोक, तुम्हीच बघा."

ती सोमवारची सकाळ मी विसरलेलो नाही. हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी लिहायला घेतली होती, एवढ्यात साठीच्या एक बाई तरातरा आत आल्या. त्यांनी दुसऱ्या एका बाईचे मनगट घट्ट धरले होते. मागून चष्मा लावलेला एक तरुण येत होता. त्याच्या गळ्यात जाडजूड काळा कॅमेरा होता.

"हिला आत टाका," आल्या आल्या बाई म्हणाल्या. "सुनेची बोरमाळ नेलीय हिने."

आदल्या दिवशी त्यांच्या नातवाचे बारसे झाले होते. घर सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मुलाचे, वरच्या मजल्यावर भाड्याचे. सुनेला माहेरहून आलेली सोन्याची बोरमाळ तिने दुपारी तीनला गळ्यातून काढली, कारण बाळ ती ओढत होते, आणि आतल्या खोलीत आरशाच्या टेबलावर ठेवली. नंतर कामाच्या बाईने ती खोली झाडली आणि साडेतीनला ती घरी गेली. चारला पाळण्याचा कार्यक्रम झाला. रात्री पाहिले तर माळ नाही. सकाळी सातला बाई नेहमीप्रमाणे कामावर आली, आणि तिचे टेबल पुसून होते न होते तोच आजीबाईंनी तिला धरले.

त्या बाईला सगळी गल्ली अक्का म्हणायची. मीही तेच म्हणेन. आमचे बोलणे कन्नडमध्ये झाले.

"सार, माळ घेतली असती तर आज परत भांडी घासायला आले असते? एवढी खुळी दिसते मी?"

आजीबाईंना कन्नड कळत होते. "हीच तर यांची लबाडी! दुसऱ्या दिवशी मुद्दाम येतात, संशय नको म्हणून."

"म्हणजे आली नसती तरी चोर, आणि आली तरी चोर," मी म्हणालो. "मग तपास कशाला करायचा?"

हे बोललो खरे, पण त्याआधी मी काय केले होते तेही सांगतो. अक्काची कापडी पिशवी मी सर्वांसमोर टेबलावर उलटी केली होती. कंगवा, बसचा पास, वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पुरणपोळ्या. पोळ्या आजीबाईंनीच दिलेल्या. अक्काने एकेक वस्तू परत आत भरली. माझ्याकडे पाहिलेही नाही. कॉलेजात असताना मी माणसाच्या प्रतिष्ठेवर पत्रके लिहून भिंतींना चिकटवली होती. खाकी अंगावर चढली आणि पहिला हात गेला तो गरिबाच्या पिशवीकडे. आजीबाईंची पर्स उलटी करायचे माझ्या मनातही आले नव्हते.

इन्स्पेक्टरांनी मला आत बोलावले. "दोन कानाखाली बसल्या की बोलेल."

"हात लावणार नाही, सर. आणि अंधार पडल्यावर बाई ठाण्यात बसणार नाही."

"मग सहाच्या आत माळ आणा. नाही आणली तर अटक दाखवून मॅजिस्ट्रेटपुढे उभी करायची."

अक्का त्या गल्लीत चार घरी काम करायची. दहा वाजेपर्यंत दोन घरांतून 'उद्यापासून येऊ नको' असा निरोप ठाण्यापर्यंत पोहोचला होता. कोर्टात ती सुटलीही असती, पण त्या गल्लीत तिला पुन्हा कोणी दार उघडले नसते. माझ्याजवळ आठ तास होते.

आधी घराचा पंचनामा केला. दोन पंच घेतले आणि आतली खोली, टेबल, कपाट सगळे पाहिले. मी लिहिताना खऱ्याबरोबर खोटेही लिहून घेतो, ही माझी जुनी सवय. कपाटाच्या वरच्या कप्प्यात लाल फडक्यात एक नकली बोरमाळ होती. सून म्हणाली, ती सासूबाईंची, गौरी सजवायची. मी तिचीही नोंद केली. आजीबाई तेव्हा स्वयंपाकघरात शेजारणींना हकीकत सांगत होत्या.

मग सगळ्यांना घेऊन ठाण्यात परतलो. आता मला हवे होते ते बारशाचे फोटो. पाळणा बाहेरच्या खोलीत, आतल्या खोलीच्या दारासमोरच बांधला होता. चारनंतर त्या दारातून कोण आत गेले, कोण बाहेर आले, ते फोटोंत दिसले असते. फोटो काढले होते त्या चष्मेवाल्या तरुणाने. हा बाळाचा मामा. पुण्याहून येऊन इथल्या एका संगणक कंपनीत लागलेला, आणि बारशासाठी ऑफिसचा डिजिटल कॅमेरा मागून आणलेला. रोल नसलेला कॅमेरा ठाण्यातल्या कोणीच तोवर हातात धरला नव्हता.

मामाने मागच्या छोट्या पडद्यावर बटणे दाबली. त्याचा चेहरा उतरला.

"सर, पाळण्याचे सगळेच शॉट्स मिसिंग आहेत. रांगोळी आहे, पंगत आहे, मग डायरेक्ट संध्याकाळचं औक्षण. मधलं काहीच नाही. कार्ड करप्ट झालं असणार. नाहीतर कोणीतरी डिलीट केलेत."

'कोणीतरी' म्हटल्यावर आजीबाईंची मान अक्काकडे वळली. "आज सकाळी टेबल पुसताना हिनेच उचलला होता तो!"

"तो काळा डबा?" अक्का म्हणाली. "मला वाटलं रेडिओ आहे. स्वल्प बाजूला सरकवला आणि पुसलं."

आमचे रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारे हवालदार, तोंडावर हात ठेवून हसले. मला हसू आले नाही. फोटो पुसल्याचा संशयही आता तिच्याच माथी आला होता.

"एक टेस्ट शॉट घेऊन बघतो," म्हणत मामाने कॅमेरा डोळ्याला लावला. मी त्याचे मनगट धरले.

"पावलांचे ठसे सापडले तर त्यांच्यावरून आम्ही कोणाला चालू देत नाही. ठेवा खाली. आता याला कोणी हात लावायचा नाही. जप्त."

तंत्रज्ञान मला कळत नव्हते. घटनास्थळ जसेच्या तसे ठेवायचे, एवढे मात्र कळत होते.

रायटर बिदरकडचे. मराठी त्यांच्या ढंगात बोलायचे आणि मुद्देमालाच्या बाबतीत कोणाचेही ऐकायचे नाहीत. त्यांनी लाख, सुतळी आणि तीन पाकिटे मांडली. "कॅमेरा एक. कार्ड एक. पेन्सिल सेल चार. कार्ड भायेर काढा."

"अहो, एकच तर वस्तू आहे सगळी!" मामा वैतागला.

"बंदूक आणि गोळी आमी एका पाकिटात घालत नाही, अण्णा. काढा."

मामाने कार्ड काढून दिले. रायटरनी ते पाकिटात घातले, सुतळी बांधली, लाख ओतली, शिक्का मारला. मग रजिस्टर पुढे ओढले. त्यात एक रकाना असतो, वस्तूची स्थिती. रेडिओ असो की घड्याळ, चालू आहे की बंद, ते लिहावेच लागते. नाहीतर परत नेताना मालक म्हणतो, पोलिसांनी बिघडवले. म्हणून सेल काढण्याआधी त्यांनी मामाला कॅमेरा चालू करून फोटो दाखवायचे बटण दाबायला लावले.

पडदा उजळला. त्यावर पाळणा होता.

रायटरनी एकदा पडद्याकडे आणि एकदा हातातल्या सीलबंद पाकिटाकडे पाहिले. "साहेब, कार्ड तर हितं माझ्या हातात हाय. मग ह्यो फोटो कुठनं आला?"

मामा खुर्चीत बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. "माय गॉड. इंटर्नल मेमरी." मग शरमलेल्या आवाजात त्याने उलगडा केला. कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःची थोडी जागा असते. कार्ड आत असेल तर कॅमेरा फोटो कार्डावर ठेवतो आणि कार्डावरचेच दाखवतो. कार्ड नसेल तर मुकाट्याने पोटात ठेवतो. पंगतीनंतर मामाने कार्ड काढून ऑफिसच्या लॅपटॉपला लावले होते, मेव्हण्याला फोटो दाखवायला. ते तिथेच राहिले, आणि पाळण्याच्या गडबडीत तो कार्डाशिवायच फोटो काढत सुटला. जागा भरल्याची सूचना आली तेव्हा त्याने कार्ड परत घातले, आणि पोटातले फोटो झाकले गेले. ते ना पुसले गेले होते, ना बिघडले होते. फक्त कार्ड बाहेर काढून पाहायचे कोणाला सुचले नव्हते.

अकरा फोटो होते. ठशांचे भिंग घेऊन मी एकेक पाहिला. पहिला पाळणा सजवतानाचा. त्यात अक्का होती, घरी जायला उंबऱ्यातून बाहेर पडताना, काठावर अर्धीच. आतल्या खोलीच्या दारात मात्र कोणीही संशयास्पद दिसेना. सातव्या फोटोपाशी मी थांबलो.

आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंटा घालतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला कुंची घालतात, सजवतात, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवतात. या वरवंट्याच्या गळ्यात, कुंचीच्या कडेखाली, एक बोरमाळ होती. माळेची गाठ बांधणाऱ्या हातात लाल खड्याची अंगठी होती.

मी समोर पाहिले. तीच अंगठी आजीबाईंच्या बोटात होती.

"हो, मीच घातली," त्या ठामपणे म्हणाल्या. "ती खोटी. गौरीची. सुनेला म्हटलं होतं कपाटातून काढून आरशापाशी ठेव. तिने ठेवली होती, मी उचलली."

"खोटी माळ कपाटातच आहे, आजी. लाल फडक्यात. सकाळी मी स्वतः पाहिली, पंचांच्या सह्या आहेत." मी पंचनाम्याचे पान त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी ते दोनदा वाचले. सून बाळाच्या रडण्यात खोटी माळ काढायची विसरली होती आणि त्याच टेबलावर तिने आपली खरी काढून ठेवली होती. सासूला वाटले खोटी मिळाली. वरवंट्याच्या गळ्यात माळ पाहून सुनेला वाटले, सासूबाईंनी कपाटातून काढली.

"वरवंटा कुठे आहे?" मी विचारले.

"आमचा नाही तो," आजीबाईंचा आवाज आता बारीक झाला होता. "आमच्याकडे मिक्सर आहे. खालच्या मालकीणबाईंकडून आणला होता. रात्री तसाच, कुंचीसकट परत केला."

मालकीणबाई कन्नड, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या पहाटेच देवनहळ्ळीला मुलीकडे गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती. कुलूप तोडता आले असते. तोडले नाही. एका निरपराध बाईची पिशवी मी सकाळी उलटी केली होती. दुसरीचे दार फोडायची इच्छा नव्हती. दोन वाजता जीप काढली.

मालकीणबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मी कशाला कुंची सोडू? काल तो कृष्ण म्हणून पाळण्यात बसला होता. आज लगेच त्याने चटणी वाटायची? देवघरात ठेवलाय. चार दिवस बसू दे." जीपमध्ये बसायला त्या तयार झाल्या, पण पुढच्याच सीटवर. "मागे चोर बसतात." रायटर निमूटपणे मागे गेले.

साडेचारला देवघर उघडले. वरवंटा कुंची घालून देवांच्या शेजारी बसला होता, कपाळावर ताजे कुंकू. मी पंचांसमोर कुंचीची गाठ सोडली. बोरमाळ गळ्यात होती.

ठाण्यात परत आलो तेव्हा अक्का त्याच बाकावर बसून होती. मी तिला काय झाले ते सांगितले आणि पिशवीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "सरी, सार." म्हणजे, बरं साहेब. "पण बाकीच्या घरांत कोण सांगणार?"

मी आजीबाईंकडे वळलो. "गुन्हा घडलाच नव्हता, असा अहवाल मी लिहीन. पण अक्कांचं नाव तुम्ही गल्लीत नेलंत, परत तुम्हीच आणायचं. आज, उजेड आहे तोवर."

त्या गेल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. अक्काच्या शेजारी उभे राहून त्यांनी बाकीच्या तिन्ही दारांत मोडक्या कन्नडमध्ये सांगितले, "नन्न तप्पु." माझी चूक. शेवटच्या दारात त्यांना रडू आले. अक्काने त्यांना पायरीवर बसवले आणि त्या घरातून पाणी मागून दिले. पण त्यांच्याकडे ती पुन्हा कामाला गेली नाही. त्या तीन घरांनी तिला परत बोलावले.

आठवड्याने मामा ते फोटो कागदावर काढून घेऊन आला. अक्काचा अर्धा फोटो मी तिला दिला. तिने तो पदराने पुसून पाहिला. "पहाटे पाचपासून होते मी तिथे," एवढेच म्हणाली.

या प्रकरणाने मला शिकवले ते मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला शिकवले. 'दिसत नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि त्यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते चालून जाणे म्हणजे तपास. त्या दिवशी ते अंतर आम्ही सगळ्यांनी एका बाईच्या अंगावरून ओलांडले होते. मीही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. फोटो नाहीसे झालेले वाटले तर त्या कॅमेऱ्याने नवे काढू नका. कार्ड बाहेर काढा आणि कॅमेऱ्याच्या पोटात पाहा. आणि घरातली वस्तू सापडेनाशी झाली तर ठाण्यात येण्याआधी एक कागद घ्या. ती शेवटी कोणाच्या हातात होती, कोणी कुठे ठेवली, ते एकाखाली एक लिहून काढा. त्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा.